तरुण संघ ऑनलाइन आणताना: पहिल्या बैठकीपासून खातं सोपवण्यापर्यंत

चर्चचा तरुण संघ ऑनलाइन आणायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो, "इन्स्टाग्राम कोण बघेल?" ज्याच्या हातात बरा फोन असतो त्याच्याकडे सगळे वळून बघतात. तो त्याच रात्री खातं उघडतो, लोगो बनवतो, आठ-दहा पोस्ट पडतात आणि परीक्षा जवळ आल्या की सगळं थंडावतं. पुढच्या वर्षी एखादी नवी मुलगी संघ शोधत आली, तर तिला मागच्या नाताळचं पोस्टर दिसतं. संघ अजून भरतो की बंद पडला, हे तिला कळायला मार्ग नसतो.

म्हणून कोण बघेल हे ठरवण्याआधी कुणासाठी करायचं हे ठरवा. माझ्या मते, जो आजवर एकदाही आलेला नाही त्याच्यासाठी. नेहमीच्या मुलांना वेळ आणि जागा तोंडपाठ असते, एकमेकांचे नंबर असतात. नवख्याकडे यातलं काहीच नसतं. तो आधी फोनवर बघतो, अंदाज घेतो आणि मगच यायचं की नाही ते ठरवतो. संघ खरा भरतो तो खोलीत, आणि ऑनलाइन पानाचं काम त्या नवख्याला खोलीच्या दारापर्यंत आणून सोडण्याचं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे वाद मिटतात.

आधी एक कागद

खातं उघडण्यापूर्वी पाळकांशी किंवा फादरांशी आणि चर्चच्या कमिटीशी बोला. ही नुसती औपचारिकता नाही. बऱ्याच पंथांत आणि धर्मप्रांतांत लहान मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण असतं, आणि त्यात फोटो, संदेश, समाजमाध्यमं यांचे नियमही असतात. ते आधी मागून घ्या. वादंग झाल्यावर कपाटातून निघालेलं धोरण काही कामाचं नाही.

मग एक पान भरेल इतकंच लिहून काढा: खातं कशासाठी आहे, पोस्ट कोण टाकणार, टाकण्यापूर्वी कोण बघणार, पासवर्ड कुणाकुणाकडे असणार आणि काय कधीच टाकायचं नाही. निदान दोन प्रौढांची नावं त्यावर हवीत. मुलं मजकूर तयार करतील, व्हिडिओ कापतील, मथळे सुचवतील आणि ते त्यांनीच करावं, कारण मोठ्यांनी लिहिलेलं तरुणांचं पान ओळखू येतंच. पण शेवटचं बटण आणि शेवटची जबाबदारी प्रौढाकडे राहू द्या.

खातं संघाचं, कुणा एकाचं नाही

सगळ्यात आधी संघाच्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढा आणि पुढचं प्रत्येक खातं त्यावरच उघडा. कुणाच्या वैयक्तिक ईमेलवर उघडलेलं खातं तो मुलगा शिक्षणासाठी दुसरीकडे गेला की त्याच्याबरोबर जातं, आणि मग "ओटीपी पाठव ना रे" असे मेसेज सुरू होतात. ओटीपीसाठी शक्यतो चर्च कार्यालयाचा क्रमांक द्या. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करा, तेव्हा मिळणारे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना चालणारे राखीव कोड, कागदावर छापा आणि बंद लिफाफ्यात कार्यालयाच्या कपाटात ठेवा.

फेसबुक पेजवर प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या खात्यातून अधिकार देता येतात. यूट्यूबवर ब्रँड खातं उघडलं तर मालक आणि व्यवस्थापक वेगवेगळे नेमता येतात. तिथे पासवर्ड फिरवायची गरजच नाही. इन्स्टाग्रामला मात्र बहुतेक संघ एकच पासवर्ड वाटून वापरतात, त्यामुळे तो पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये) ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

नाव ठरवताना कल्पकतेला जरा आवर घाला. 'अग्निज्वाला', 'राजाची लेकरं' ही नावं टी-शर्टावर छान दिसतात, पण शोधणारा ती टाइप करत नाही. तो चर्चचं नाव, गावाचं नाव आणि 'तरुण' किंवा 'युथ' असं काहीतरी टाकतो. हे तिन्ही शब्द नावात किंवा निदान परिचयाच्या ओळीत असू द्या, आणि सगळीकडे एकच नाव ठेवा.

कुठे जायचं, कुठे नाही

एक जाहीर जागा आणि एक आतली जागा, सुरुवातीला एवढं पुरे. पाच ठिकाणी अर्धवट असण्यापेक्षा एका ठिकाणी ताजं असणं केव्हाही बरं. २००६ साली वयाच्या १५व्या वर्षी वारलेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी कॅथोलिक चर्चने संत म्हणून घोषित केलेला इटालियन मुलगा कार्लो अकुतिस संगणकवेडा होता. त्याची आठवण मात्र मुख्यतः एका कामाने राहिली आहे: युखरिस्त (पवित्र भाकर आणि द्राक्षारस) संबंधी चमत्कारांच्या नोंदी गोळा करून त्याने संकेतस्थळावर मांडल्या. एकच विषय घेतला आणि तो नीट लावला.

जाहीर जागा म्हणून बहुतेक संघांना इन्स्टाग्राम सोयीचं पडतं, कारण मुलं तिथे असतात. पालकांची पिढी फेसबुकवर जास्त असेल, तर तीच पोस्ट तिकडेही जाऊ द्या. वेगळं काही लिहीत बसू नका. चर्चचं संकेतस्थळ असेल तर त्यावर संघासाठी एक पान मागून घ्या. स्वतंत्र संकेतस्थळ काढायची घाई करू नका, त्याचं नूतनीकरण कुणीतरी विसरतंच. गूगल मॅप्सवर चर्चची नोंद आहे का आणि त्यातली वेळ, फोन, दरवाज्याची खूण बरोबर आहे का, हे मात्र आजच तपासा. अनोळखी माणूस अनेकदा तिथूनच येतो.

आतल्या जागेसाठी व्हॉट्सॲप ग्रुप हा सरळ पर्याय वाटतो. त्यात १,०२४ जण बसतात, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण अशी की ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. चौदा वर्षांच्या मुलीचा नंबर ती ओळखतही नसलेल्या पन्नास जणांकडे जातो. नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर २०२३ साली आलेलं व्हॉट्सॲप चॅनल वापरा. ते एकतर्फी असतं आणि सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या व्हॉट्सॲप कम्युनिटीतही सूचनांच्या भागात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त ॲडमिनना दिसतात. गप्पांचा ग्रुप हवाच असेल तर लहान ठेवा आणि वयोगटाप्रमाणे वेगळा करा. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्हींची किमान वयोमर्यादा १३ आहे. त्याहून लहान मुलांचे निरोप पालकांनाच पाठवा.

पहिल्यांदा येणाऱ्यासाठीचा मजकूर

या एका कामावर सगळ्यात जास्त वेळ घाला. इन्स्टाग्रामवर तो वर पिन करा, संकेतस्थळावर पहिल्या पानावर ठेवा. साधारण असा:

"आम्ही दर शनिवारी संध्याकाळी ६ वाजता जमतो, ७.३० ला संपतं. वय १३ ते १९. चर्चच्या मागच्या बाजूला हिरवा दरवाजा आहे, तिथून वर या. मुख्य दरवाजा त्या वेळी बंद असतो. आधी दोन-तीन गाणी, मग एखादा खेळ, मग बायबलमधल्या एका उताऱ्यावर लहान गटांत चर्चा. बायबल आणलं नाही तरी चालेल. उभं राहून ओळख करून द्यायला किंवा मोठ्याने प्रार्थना करायला कुणी सांगणार नाही. पैसे लागत नाहीत. एकटे आलात तरी दाराशी कुणीतरी असेल. पालकांना काही विचारायचं असल्यास कार्यालयाच्या क्रमांकावर संदेश पाठवा."

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य माझ्या मते ओळख आणि प्रार्थनेचं. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण नव्या मुलाच्या पोटात गोळा येतो तो नेमका तिथे. हिरव्या दरवाज्याचंही तसंच. बंद दरवाज्यासमोर दोन मिनिटं उभा राहून माघारी गेलेला मुलगा पुन्हा येईलच असं नाही. तुमच्या संघात असे कोणते दरवाजे आहेत, ते अलीकडेच आलेल्या मुलाला विचारा. जुन्यांना ते दिसेनासे झालेले असतात.

"प्रभूच्या सान्निध्यात अभिषेकाचा अनुभव" अशी भाषा या मजकुरात नको. मंडळीत वाढलेल्यांना ती कळते. बाहेरच्याला शनिवारी नक्की काय होतं, याचा त्यातून पत्ता लागत नाही.

आणि हा मजकूर टाइप केलेला हवा, फक्त पोस्टरच्या चित्रात नको. चित्रातली अक्षरं शोधात नीट सापडत नाहीत, दृष्टिहीनांच्या फोनला ती वाचून दाखवता येतीलच असं नाही, आणि वेळ बदलली की नवं पोस्टर करावं लागतं. पोस्टर करा, पण तारीख, वेळ, ठिकाण खाली युनिकोड देवनागरीत लिहा.

मुलांची सुरक्षितता

इथे घाई करू नका आणि "आपल्यातच तर आहे सगळं" या वाक्यावर कधीच विसंबू नका.

फोटोची परवानगी लेखी घ्या, आणि ती तुकड्यातुकड्यांत घ्या: चर्चच्या आतल्या फलकासाठी वेगळी, जाहीर इन्स्टाग्रामसाठी वेगळी, व्हिडिओसाठी वेगळी. पालकांनी सही केली तरी मुलालाही विचारा. तो नको म्हणाला तर विषय संपला. परवानगी कधीही मागे घेता येईल हे अर्जावरच छापा, आणि कुणी ती मागे घेतली की फोटो त्याच दिवशी काढा. अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीबद्दल प्रत्येक देशाचे कायदे वेगळे आहेत, ते एकदा जाणकाराकडून समजून घ्या.

चेहरा, पूर्ण नाव आणि शाळा या तीन गोष्टी एकत्र कधीच जाऊ देऊ नका. शिबिराची जागा शिबिर संपल्यावर जाहीर करा, चालू असताना नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी सहज निसटते: तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ते माहीत असेलच असं नाही. दुसऱ्या धर्माच्या घरातून कुतूहलाने येणारा मुलगा एका टॅग केलेल्या फोटोने अडचणीत येऊ शकतो, आणि काही ठिकाणी ही अडचण रागावण्यापुरती राहत नाही. म्हणून टॅग करणं पूर्ण बंद ठेवा. ज्याला वाटेल तो स्वतःच्या खात्यावरून शेअर करेल. गर्दीचे फोटो पाठमोरे किंवा लांबून घेतलेले असले तरी छान दिसतात. गिटारवरचे हात, वर्तुळातल्या खुर्च्या, फळ्यावरचं लेखन यांतूनही वातावरण कळतं.

संदेशांचा नियम सोपा ठेवा. प्रौढ कार्यकर्त्याने अल्पवयीन मुलाशी खासगी चॅट करायचं नाही. बोलायचं असेल तर दुसरा प्रौढ किंवा पालक त्या संभाषणात हवा. प्रत्येक ग्रुपमध्ये दोन प्रौढ हवेत. रात्री ठरलेल्या वेळेनंतर संदेश नकोत. आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद ठेवा, कारण पुढे काही तक्रार आली तर काय बोलणं झालं हे दिसायला हवं, कार्यकर्त्याच्या रक्षणासाठीसुद्धा. इन्स्टाग्रामने २०२४ पासून किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. ती मुळातच खासगी असतात आणि अनोळखी माणूस त्यांना थेट मेसेज करू शकत नाही. त्यामुळे "मेसेज जात नाहीये, सेटिंग बदल" असं मुलाला सांगण्याचा मोह टाळा. ते कुंपण मुद्दाम घातलेलं आहे.

तरीही एखादं मूल रात्री संघाच्या खात्यावर लिहिणारच: घरी मारतात, जगावंसं वाटत नाही. तेव्हा काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. लगेच उत्तर द्या, त्याचं ऐकून घ्या, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, आणि सुरक्षिततेसाठी नेमलेल्या व्यक्तीला ताबडतोब कळवा. जिवाला धोका दिसत असेल तर आपत्कालीन सेवेला फोन करा. प्रार्थना कराच, पण फोन केल्यावर.

प्रार्थना विनंत्यांचाही इथेच विचार व्हायला हवा. ग्रुपवर कुणीतरी कळवळून लिहितो, "अमुकच्या वडिलांचं पिणं सुटावं म्हणून सगळ्यांनी प्रार्थना करा." हेतू चांगलाच असतो, पण त्या घराची गोष्ट आता चाळीस फोनमध्ये आहे आणि ज्याच्या वडिलांची ती आहे त्याला कुणी विचारलेलंच नाही. नियम असा करा की विनंती ज्याची त्यानेच पाठवायची किंवा त्याने सांगितल्यावरच पाठवायची, आणि ग्रुपवर येताना ती "आपल्यातल्या एका घरासाठी या आठवड्यात प्रार्थना करू" एवढीच यावी. संघ इतका लहान असेल की एवढ्यावरूनही घर ओळखू येईल, तर तेही नको. त्यापेक्षा समोरासमोर सांगा.

टाकायचं काय

आठवड्याला दोन पोस्ट जमल्या तरी पुष्कळ. एक येत्या शनिवारची आणि एक झालेल्या शनिवारची. महिन्याचं वेळापत्रक एका शीटवर आधीच भरा आणि परीक्षांचे आठवडे त्यात मोकळे सोडा. "परीक्षा आहेत, पुन्हा अमुक तारखेला भेटू" ही पोस्टही मोलाची असते, कारण तिच्यामुळे बंद पडलेला संघ आणि सुट्टीवर असलेला संघ यांतला फरक कळतो.

रोज सूर्योदयाच्या चित्रावर बायबलमधलं एक वचन टाकणारी खाती अगणित आहेत आणि त्यातली बरीचशी लोक न वाचता पुढे सरकवतात. त्यापेक्षा शनिवारच्या चर्चेत एखाद्या मुलीने विचारलेला खरा प्रश्न घ्या, "क्षमा केली म्हणजे पुन्हा मैत्री करायलाच हवी का?" असा, आणि तिच्या परवानगीने, तिच्या नावाशिवाय टाका. खाली उतारा द्या आणि लिहा, "शनिवारी यावर बोलू." वचनाचं चित्र टाकणाऱ्या पानांमध्ये हे वेगळं उठून दिसतं.

साक्ष, म्हणजे स्वतःच्या विश्वासाचा अनुभव, सांगणारे व्हिडिओ चालतात, पण अल्पवयीनांच्या बाबतीत मी हात आखडता घेईन. सोळाव्या वर्षी सांगितलेली नैराश्याची किंवा व्यसनाची हकिकत सव्विसाव्या वर्षी नोकरी देणाऱ्याला सापडते. अशी साक्ष खोलीतच राहू द्या. सेवाकार्याचे फोटोही जपून वापरा. मदत घेणाऱ्याचा चेहरा नको. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं शिकवायचं आणि धान्याची पिशवी देताना कॅमेऱ्याकडे बघायचं, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

रील उभी घ्या, ९:१६ प्रमाणात, १०८० × १९२० पिक्सेल. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं पडद्यावर लिहा.

गाणी आणि वचनं यांचे हक्क

उपासनेत गाणं गायला कुणी अडवत नाही म्हणून ते ऑनलाइन टाकायलाही मोकळीक आहे, असं नाही. एका गाण्यात निदान दोन वेगळे हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. जुनं भजन असेल आणि कवी-संगीतकार जाऊन पुष्कळ वर्षं झाली असतील, तर शब्द आणि चाल मोकळी असू शकते. बहुतेक देशांत ही मुदत मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षांची असते. पण त्याच भजनाचं एखाद्या बँडने केलेलं नवं ध्वनिमुद्रण त्या बँडचंच.

आधुनिक उपासना गीतांसाठी बरीच चर्चेस सीसीएलआय या संस्थेचा परवाना घेतात. त्यात हे लक्षात ठेवा की चर्चमध्ये शब्द पडद्यावर दाखवायचा परवाना आणि ऑनलाइन प्रक्षेपणाचा परवाना वेगळे आहेत. तुमच्या चर्चकडे कोणता आहे ते विचारून घ्या आणि गाणं त्याच्या यादीत आहे का तेही बघा.

यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं ओळखून हक्काचा दावा लावते. दावा आला म्हणून घाबरू नका. बहुतेकदा जाहिरातीचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं, काही वेळा व्हिडिओ अडवला जातो. कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाची अधिकृत ताकीद, मात्र गंभीर असतो, आणि ९० दिवसांत तीन आले तर चॅनल बंद होऊ शकतं. इन्स्टाग्रामवर 'बिझनेस' प्रकारचं खातं निवडलं की लोकप्रिय गाण्यांचा साठा मर्यादित होतो, तेव्हा खात्याचा प्रकार विचार करून निवडा. सगळ्यात निर्धास्त उपाय म्हणजे आपल्याच मुलांनी रचलेली आणि वाजवलेली धून. ती थोडी बेसूर असली तरी कुणी दावा लावत नाही.

बायबलच्या आधुनिक भाषांतरांवरही प्रकाशकाचा हक्क असतो. थोडी वचनं वापरायला सहसा मुभा असते. इंग्रजी एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्शन) सारख्या आवृत्तीत ती ५०० वचनांपर्यंत आहे, पण त्यातून अख्खं पुस्तक पुरं होता कामा नये आणि तुमच्या एकूण मजकुराचा चौथा हिस्सा वचनांनी भरता कामा नये. तुम्ही वापरता त्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या पानांवर तिची अट बघा आणि वचनाखाली आवृत्तीचं नाव द्या.

लाइव्ह आणि कमेंट

दर आठवड्याची सभा लाइव्ह करू नका. कॅमेरा लागला की मुलं मोकळेपणी बोलत नाहीत, आणि कुणाची परवानगी आहे, कुणाची नाही, हे चालू प्रक्षेपणात सांभाळता येत नाही. नाताळची गाणी किंवा वार्षिक कार्यक्रम करायला हरकत नाही. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्हची सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात आणि मोबाइलवरून करायचं तर चॅनलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात. हे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कळू नये.

कमेंटमध्ये खरे प्रश्न येतात तसे खवचटही येतात, आणि दुसऱ्या पंथाचे आपलेच बांधव बाप्तिस्म्यावरून वाद घालायला येतात ते वेगळेच. खऱ्या प्रश्नाला दिवसभरात उत्तर द्या. चिडवणाऱ्याला एकदा सौम्यपणे उत्तर देऊन थांबा. शिवीगाळ, मुलांवर टीका, कुणाच्या धर्माची टवाळी हे लपवा आणि त्या माणसाला ब्लॉक करा. टवाळी आपल्या बाजूने झाली असेल तरी नियम तोच. संघाच्या खात्यावरून दुसऱ्यांच्या भांडणात कधीच पडू नका.

मोजायचं कसं, सोपवायचं कसं

लाइक्स आणि व्ह्यूज बघून फारसं काही कळत नाही. नव्याने आलेल्या प्रत्येकाला सहज विचारा, "आमच्याबद्दल कुठे कळलं?" आणि वहीत लिहून ठेवा. वर्षभरात सगळी उत्तरं "मैत्रिणीने आणलं" अशीच आली, तर पोस्टवरचा वेळ कमी करा आणि मैत्रिणीला पाठवता येईल असं एक चांगलं आमंत्रण तयार करा.

दरवर्षी पदाधिकारी बदलतात त्या दिवशी खातीही सोपवा. जुने आणि नवे एकत्र बसून पासवर्ड बदला, गेलेल्यांचे अधिकार काढा, बॅकअप कोड नवे छापा, परिचयातली वेळ आणि फोन तपासा, परवानगी अर्जांची फाइल ताब्यात द्या. संघ सोडून मोठ्या झालेल्या मुलांना विचारा, जुने फोटो ठेवायचे की काढायचे.

संघच थांबला तर खातं तसंच सोडून देऊ नका. "सध्या आम्ही भेटत नाही, चर्च कार्यालयाशी इथे बोला" अशी पोस्ट वर पिन करा, सगळा मजकूर उतरवून एक प्रत कार्यालयात ठेवा, मुलांचे फोटो काढून टाका आणि काही महिन्यांनी खातं बंद करा. ईमेल सगळ्यात शेवटी बंद करायचा, कारण बाकीची खाती बंद करताना लागणारे कोड त्याच्यावरच येतात.